लॅम्पवर्क पेंडंटला टिकाऊ कडी कशी लावावी

लॅम्पवर्क, म्हणजे ज्योतीवर काच वितळवून केलेल्या पेंडंटची काचेची कडी मधोमध क्वचितच मोडते. ती निखळते मुळाशी, जिथे ती पेंडंटला बसवलेली असते. निखळलेली जागा निरखून पाहिली तर तिथे बऱ्याचदा खडबडीत तुटीऐवजी गुळगुळीत चट्टा दिसतो. म्हणजे कडीसाठी घेतलेल्या काचेच्या कांडीचं टोक वितळलं होतं, पण पेंडंटचा माथा पुरेसा तापला नव्हता. दोन काचा एकजीव झाल्याच नाहीत, नुसत्या चिकटल्या. हा थंड सांधा टाळणं हेच कडीचं मुख्य काम आहे. कडी जाड करून तो टळत नाही. जाड कांडी तापायला वेळ घेते आणि तेवढ्यात पेंडंट गार होत जातं, त्यामुळे उलट नुकसानच होतं.

काच आणि मापं

कडीची काच पेंडंटच्याच विस्तारगुणांकाची (तापल्यावर काच किती पसरते त्या आकड्याची) घ्या. १०४ च्या मऊ काचेला १०४ चीच, बोरोसिलिकेटला ३३ चीच. ९० किंवा ९६ ची कांडी १०४ वर दिसायला छान बसते, भट्टीतून अखंड बाहेरही येऊ शकते, आणि मग कधीतरी कपाटात ठेवल्या ठेवल्या तडकते. एकाच गटातल्या रंगांतही फरक असतो. १०४ मधली हस्तिदंती आणि काळी काच फार लवकर वाहते, त्यामुळे आकार देता देताच कडी ओघळते. पारदर्शक काच तुलनेने ताठ राहते. हात बसेपर्यंत बिनरंगी पारदर्शक कांडीच वापरा.

३० मिमी व्यासाची, १० मिमी जाड चकती मऊ काचेत साधारण १८ ग्रॅम भरते, तर ३० मिमीचा भरीव गोळा ३५ ग्रॅम. या वजनांना ३ ते ४ मिमी जाडीची कडी पुरते. त्याहून बारीक कडीही वजन पेलेल, पण पेंडंट एकदा फरशीवर किंवा टेबलाच्या कडेवर आपटलं की ती गेली. भोक आतून किमान ५ मिमी ठेवा, दोरी २ मिमीची असली तरी. ओवताना भोकातून दोरीच्या टोकाचा हूकही जायचा असतो, आणि तो दोरीपेक्षा बराच जाड असतो. जो हूक वापरणार आहात तो कामाच्या टेबलावर समोर ठेवून अंदाज घ्या.

भोकाची दिशा

दोरी थेट कडीतून ओवायची असेल तर भोक डावीकडून उजवीकडे आरपार हवं. कांडी पेंडंटच्या माथ्यावर टेकवून मागच्या बाजूला वळवली की असं भोक आपोआप मिळतं. कांडी बाजूला वळवली तर भोक पुढून मागे जातं, आणि दोरीत ओवलेलं पेंडंट गळ्यात आडवं वळून कड दाखवत राहतं. अशी कडी झालीच तर मध्ये एक जंप रिंग (उघडता येणारी धातूची छोटी रिंग) टाकावी लागते.

दुसरी गोष्ट तोलाची. टांगलेल्या वस्तूचा गुरुत्वमध्य नेहमी टांगणीच्या बिंदूच्या बरोबर खाली येतो. पुढून फुगीर आणि मागून सपाट पेंडंटमध्ये सगळी काच पुढच्या अंगाला असते. कडी अगदी मागच्या कडेला बसवली तर माथा पुढे कलतो आणि नक्षी जमिनीकडे पाहू लागते. म्हणून कडीचं शिखर पेंडंटच्या जाडीच्या मध्यावर आणा. कडी मऊ असतानाच पेंडंट डोळ्यांच्या उंचीवर धरून बाजूने पाहायचं. नंतर ते दुरुस्त होत नाही.

ज्योतीवर कडी बसवताना

सुरुवात करण्याआधी भट्टी अनीलिंगच्या (काच सावकाश गार करून तिच्यातला ताण काढण्याच्या) तापमानाला आलेली हवी. डोळ्यांना मऊ काचेसाठी डिडिमियमचा, म्हणजे ज्योतीतली पिवळी चमक गाळणारा चष्मा. बोरोसिलिकेटची ज्योत जास्त प्रखर असते, तिथे शेड ३ ते ५ चा गडद चष्मा लागतो. धूर बाहेर फेकणारा पंखा चालू ठेवा.

पेंडंटची नक्षी आणि आकार आधी पूर्ण करा. मग खालच्या टोकाला एक जोडकांडी (धरण्यापुरती तात्पुरती कांडी) हलकीच चिकटवा आणि वरची मूळ कांडी ज्योतीने तोडा. इथे मात्र थंड सांधाच हवा असतो, कारण ही जोडकांडी शेवटी ठोकून काढायची आहे. आता पेंडंट डाव्या हातात, कडीची कांडी उजव्या हातात.

कांडी ५ ते ६ मिमीची असेल तर तिचं टोक वितळवून आधी ३-४ मिमी जाडीचा ६-७ सेंटीमीटर दोरा ओढून घ्या आणि टोकाला वाटाण्याएवढा गोळा राहू द्या. हा गोळाच पुढे कडीचं मूळ होतो. निमुळत्या बारीक टोकाने सुरुवात केली तर सांधा अरुंद राहतो.

१. पेंडंट ज्योतीच्या मागच्या, सौम्य भागात फिरवून सगळीकडून ऊब द्या. मग फक्त माथा ज्योतीच्या तापट भागात आणा आणि तो केशरी होऊन किंचित चमकू लागेपर्यंत तापवा. नुसता लालसर झालेला माथा पुरत नाही.

२. त्याच वेळी कांडीचा गोळाही वितळवा. दोन्ही चमकत असतानाच ज्योतीच्या कडेला आणून गोळा माथ्यावर टेकवा आणि हलका दाब द्या. दोन सेकंद थांबा, मग मिलीमीटरभर वर ओढा. बरोबर जुळलं असेल तर सांध्याच्या कडा आत न दबता बाहेर पसरतात, झाडाचा बुंधा जमिनीत शिरताना रुंदावतो तशा. सांध्याभोवती बारीक खाच दिसली तर पुढे जाऊ नका. ज्योत लहान आणि टोकदार करून त्या खाचेवर फिरवा, ती भरेपर्यंत.

३. सांधा कडक झाला की त्याच्या वर साधारण १० ते १५ मिमी अंतरावर दोरा तापवा. ज्योत दोऱ्यावर असावी, पेंडंटवर नाही. वाकण्याइतका मऊ होताच तो मागच्या बाजूला वळवा. खेचू नका, कमान तिथेच बारीक होते.

४. पेंडंटच्या मागच्या अंगावर जिथे दोरा टेकणार, ती जागा पुन्हा चमकेपर्यंत तापवा आणि मग टेकवा. दुसरा सांधा इथेच थंड राहतो, कारण एव्हाना सगळं लक्ष कमानीच्या आकाराकडे गेलेलं असतं. उरलेली कांडी ज्योतीने तोडा. तोडताना निघणारी अणकुचीदार शेपटी चिमट्याने टिपून काढा आणि उरलेला उंचवटा वितळवून सपाट करा. ती राहिली तर दोरी कापते.

५. कमान किंचित मऊ करून भोकात टंगस्टनची सळई घाला आणि हळू गोल फिरवा. सळईही आधी थोडी तापवा. गार सळई भोकाच्या आतल्या कडेवर बारीक तडे पाडते.

६. शेवटी दोन्ही मुळांवर पुन्हा एकेकदा टोकदार ज्योत फिरवा, कमान वाहणार नाही एवढीच. मग सगळं पेंडंट सौम्य ज्योतीत आणून तापमान सारखं करा. गरम चिमट्याने पेंडंट कडेने धरा, जोडकांडीवर हलकी टिचकी मारून ती काढा आणि राहिलेला डाग ज्योतीने गुळगुळीत करा.

हे सगळं चालू असताना काही सेकंदांनी एकदा पेंडंटचं अंग ज्योतीच्या मागच्या भागातून फिरवत राहा. मऊ काचेत हे विसरलं तर कडी उत्तम जमते आणि खालून पेंडंटच उभं चिरतं. बोरोसिलिकेट जास्त सोसतं, पण त्यालाही मर्यादा आहे. एक सूचना रंगांबद्दल: तांब्यावर आधारलेले फिरोजी रंग ऑक्सिजन कमी असलेल्या ज्योतीत लालसर, मातकट होतात. कडीसाठी ज्योत लहान करताना ऑक्सिजनही त्याच प्रमाणात सांभाळा.

भट्टीत

कडी अंगापेक्षा बारीक असल्याने फार लवकर गार होते. त्यामुळे भट्टीचं दार उघडण्याआधी तिला एकदा ज्योतीचा हात द्या. मात्र चमकणारी कडी तशीच आत ठेवू नका, ती दबते किंवा भट्टीच्या तळाचा ठसा घेते. चमक जाऊन आकार धरला की लगेच आत.

अनीलिंगचं तापमान १०४ च्या काचेला साधारण ५१० ते ५२० अंश सेल्सिअस, बोरोसिलिकेटला ५६५ अंश. १० ते १२ मिमी जाडीच्या पेंडंटला तासभर तिथे ठेवा. त्यानंतर १०४ ची काच तासाला ५० ते ६० अंशांच्या गतीने ४२५ पर्यंत उतरवून भट्टी बंद करा आणि दार न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या. जाडी दुप्पट झाली तर थांबण्याचा वेळ दुपटीहूनही जास्त वाढवावा लागतो, आणि उतरण्याची गती निम्म्याहूनही कमी. वेळ नेहमी सर्वात जाड भागावरून ठरवायचा, कडीवरून नाही.

गार झाल्यावर दोन ध्रुवणपट्ट्या (पोलरायझिंग फिल्म) एकमेकींना काटकोनात ठेवून मधून पारदर्शक पेंडंट पाहा. कडीच्या मुळाशी उजळ पट्टा दिसला तर तिथे ताण अडकलाय. पुन्हा एकदा अनीलिंग करा. पट्टा नाहीसा झाला तर आधीचं अनीलिंग अपुरं होतं. तसाच राहिला तर दोन काचा जुळणाऱ्या नाहीत आणि तो नग बाजूला काढलेला बरा. अपारदर्शक काचेत ही तपासणी चालत नाही.

निखळलेली कडी परत बसवायची असेल तर गार पेंडंट थेट ज्योतीत नेऊ नका. भट्टीत तासाला १०० ते १५० अंशांनी चढवून अनीलिंगच्या तापमानाला आणा, तिथे थोडा वेळ राहू द्या, मग गरम चिमट्याने उचला. जुन्या तुटीवर नवी काच चढवण्याआधी ती जागा वितळवून गोल करून घ्या, नाहीतर आत हवा कोंडते.

भट्टी नसेल तेव्हा

मँड्रेलवर (धातूच्या बारीक सळईवर) केलेल्या मोठ्या मण्याला आरपार भोक असतंच, त्यामुळे त्याला तारेची कडी करता येते. २.४ मिमी मँड्रेलच्या भोकातला बीड रिलीज (काच सळईला चिकटू नये म्हणून लावलेला लेप) हिऱ्याच्या कानशीने पाण्याखाली घासून काढा. कोरडी घासली तर ती धूळ फुप्फुसात जाते. मग १८ गेज, म्हणजे १ मिमी तारेची हेडपिन (एका टोकाला डोकं असलेली तार) खालून ओवा. तिचं डोकं २.४ मिमीच्या भोकातून सहज निसटतं, म्हणून खाली एक बीड कॅप (मण्यावर बसणारी छोटी टोपी) किंवा छोटा मणी घ्या. वर ३ मिमी तार सोडून काटकोनात वाकवा, गोल नाकाच्या पकडीवर फिरवून फास करा आणि सोडलेल्या त्या ३ मिमीवर तारेचे दोन-तीन वेढे घट्ट द्या. वेढे न देता नुसता फास केला तर झटक्यात तो उघडतो. जंप रिंग उघडताना तिची टोकं एक पुढे, एक मागे सरकवा. बाहेर फाकवलेली रिंग पुन्हा नीट गोल होत नाही.

गोंदाची बेल, म्हणजे पाठीला चिकटवायची धातूची तयार कडी, हा शेवटचा पर्याय. ज्योतीतून आलेली काच इतकी गुळगुळीत असते की गोंदाला पकड मिळत नाही, आणि लॅम्पवर्कच्या वक्र पाठीवर बेलची सपाट पट्टी जेमतेम टेकते. पाठ सपाट असेल तरच हे करा: दोन्ही पृष्ठभाग हिऱ्याच्या कानशीने पाणी लावून धूसर करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, बोट न लावता दोन घटकांचं इपॉक्सी पातळ थरात लावा आणि २४ तास हलवू नका. पाच मिनिटांत सुकणारं इपॉक्सी किंवा सुपरग्लू इथे नको. सुपरग्लू ठिसूळ असतो, पहिल्याच धक्क्याला सुटतो. २० ग्रॅमच्या वरचं पेंडंट गोंदावर टांगू नका. त्याला हिऱ्याच्या कोअर बिटने (नळीसारख्या पोकळ ड्रिल बिटने), पाण्याखाली, दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं भोक पाडा. भोकाच्या कडेपासून काठापर्यंत निदान ४ मिमी काच राहू द्या.