चिवड्याच्या कारखान्याची तीन गणिते: जुळवणी, उत्पादन खर्च आणि अंदाजपत्रक कसे सोडवावे

पुस्तपालन आणि लेखाकर्माच्या वहीतले चुकलेले गणित तपासताना पुष्कळदा असे दिसते, की रकमा बरोबर उतरवलेल्या आहेत, बेरीजही बरोबर आहे आणि तरीही उत्तर जुळत नाही. कारण ती रक्कम कोणाच्या वहीतून आणि कोणत्या तारखेला पाहायची, हे ठरण्याआधीच अधिक-उणे करायला सुरुवात झालेली असते. बँक जुळवणी पत्रक, उत्पादन खर्चाचे पत्रक आणि रोख अंदाजपत्रक ही प्रकरणे पुस्तकांत एकमेकांपासून दूर असली, तरी तिन्ही ठिकाणी अडखळण्याचे कारण हेच असते. म्हणून कोरे पान समोर घेतल्यावर पहिली ओळ शीर्षकाची लिहावी आणि तीत पत्रक कोणाचे व कोणत्या तारखेचे किंवा कालावधीचे, हे दोन्ही यावे. शीर्षकाला एखादाच गुण असतो म्हणून ते शेवटी घाईने लिहिण्याची सवय पुढच्या पाच गुणांना महाग पडते.

तिन्ही गणितांसाठी नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतला एक छोटा चिवड्याचा कारखाना कल्पिला आहे. त्याचे आकडे केवळ गणितापुरते आहेत; पण पोहे, शेंगदाणे, तेल आणि मसाला म्हणजे काय हे नाशिकच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही, एवढी सोय त्यात आहे.

बँक जुळवणी पत्रक

आपल्या रोखपुस्तकातली आणि बँकेच्या पासबुकातली शिल्लक का वेगळी दिसते, हे या पत्रकात मांडायचे असते. कारखान्याच्या रोखपुस्तकात बँकेची शिल्लक नावे (डेबिट) बाजूला दिसते, कारण कारखान्याच्या दृष्टीने बँक ही ऋणको, म्हणजे पैसे देणे लागणारी आहे. तीच रक्कम पासबुकात जमा (क्रेडिट) बाजूला दिसते, कारण बँकेच्या दृष्टीने कारखाना हा धनको, म्हणजे पैसे घेणे असलेला आहे. हे एकदा पक्के झाले, की रोखपुस्तकाची नावे बाजू पासबुकाच्या जमा बाजूशी आणि रोखपुस्तकाची जमा बाजू पासबुकाच्या नावे बाजूशी ताडून पाहायची, हे पाठ करावे लागत नाही.

गणितात दोन्ही वह्यांचे उतारे दिले असतील, तर प्रथम त्यांच्या तारखा पाहाव्यात. दोन्ही उतारे एकाच महिन्याचे असतील, तर एकात आहेत आणि दुसऱ्यात नाहीत अशा नोंदी पत्रकात घ्याव्या लागतात. रोखपुस्तक मार्चचे आणि पासबुक एप्रिलचे असेल, तर नेमके उलट करावे लागते: दोन्हीकडे आढळणाऱ्या नोंदी शोधाव्या लागतात, कारण मार्चमध्ये लिहिलेला आणि एप्रिलमध्ये वटलेला धनादेशच ३१ मार्चच्या फरकाचे कारण असतो. परीक्षकाला विद्यार्थ्याची झोप उडवायची असेल, तर तो हाच प्रकार निवडतो. पेन्सिलीने जोड्यांवर खुणा करत गेल्याशिवाय त्याला हात घालू नये.

आता उदाहरण घेऊ. ३१ मार्च २०२५ रोजी रोखपुस्तकानुसार बँकेत ४८,६०० रुपये आहेत. पोह्यांच्या व्यापाऱ्याला दिलेला १४,५०० रुपयांचा धनादेश त्याने अजून बँकेत सादर केलेला नाही. दुकानदारांकडून आलेले २२,००० रुपयांचे धनादेश भरले आहेत, पण ते वसूल झालेले नाहीत. बँकेने सेवाशुल्क २०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून २३६ रुपये कापले आहेत. एका ग्राहकाने ९,००० रुपये परस्पर खात्यात भरले आहेत, तर ६,७५० रुपयांचे वीजबिल स्थायी सूचनेप्रमाणे बँकेने भरले आहे. शिवाय ३,४५० रुपयांचा दिलेला आणि बँकेतून वटलेला एक धनादेश रोखपुस्तकात ३,५४० असा लिहिला गेला आहे.

प्रत्येक नोंदीला एकच प्रश्न विचारावा: मला ज्या शिलकीपर्यंत पोहोचायचे आहे, ती या कारणामुळे सुरुवातीच्या शिलकीपेक्षा जास्त दिसेल की कमी? येथे आपण रोखपुस्तकाकडून पासबुकाकडे निघालो आहोत. व्यापाऱ्याचा धनादेश आपण वजा केला, पण बँकेने केलेला नाही. म्हणून पासबुक १४,५०० रुपयांनी जास्त दाखवील. भरलेले पण वसूल न झालेले २२,००० बँकेने अजून जमा केलेले नाहीत, म्हणून ते वजा. बँकेने कापलेले २३६ आणि ६,७५० वजा, ग्राहकाचे ९,००० अधिक. राहिली चुकीची नोंद: आपण ९० रुपये जास्त वजा केले होते, म्हणून ९० अधिक. सारे मिळून पासबुकाची जमा शिल्लक ४३,२०४ रुपये येते.

त्या ९० कडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली, की पडणाऱ्या फरकाला नेहमी ९ ने नि:शेष भाग जातो. कच्च्या पानावर शेवटी १८, २७, ९० किंवा ४५० असा फरक उरला, तर सगळे गणित पुन्हा मांडण्याआधी उतरवलेल्या रकमांतले अंक तपासावेत. परीक्षेत दहा मिनिटे वाचतात.

गणितात दुरुस्त रोखपुस्तक मागितले असेल, तर नोंदी दोन गटांत वेगळ्या कराव्यात. आपल्याला माहीत नव्हत्या किंवा आपण चुकीच्या लिहिल्या, अशा नोंदी रोखपुस्तकात दुरुस्त होतात: ४८,६०० मध्ये ९,००० आणि ९० मिळवून २३६ आणि ६,७५० वजा केल्यास ५०,७०४ येतात. केवळ वेळेच्या अंतरामुळे राहिलेल्या दोन नोंदीच मग पत्रकात येतात, आणि ५०,७०४ अधिक १४,५०० वजा २२,००० म्हणजे पुन्हा ४३,२०४. माझ्या मते विचारलेले नसले तरी कच्च्या कामात ही दुसरी वाट चालून पाहावी, कारण त्यामुळे कोणती चूक आपली आणि कोणता उशीर बँकेचा, हे कळते. पासबुकाकडून निघायचे असेल, तर सगळी चिन्हे उलटतात. अधिकर्ष (ओव्हरड्राफ्ट), म्हणजे शिलकीपेक्षा जास्त काढलेली रक्कम असेल, तर सुरुवातीची रक्कम उणे घ्यावी आणि वरचाच प्रश्न विचारत राहावे. त्यासाठी वेगळा नियम पाठ करू नये.

एक व्यवहारातली गोष्ट येथे सांगितलेली बरी. १ एप्रिल २०१२ पासून धनादेशाची मुदत ३ महिन्यांची आहे. त्यामुळे डिसेंबरच्या मध्याचा धनादेश ३१ मार्चलाही सादर झालेला नसेल, तर तो पत्रकात पुढे ढकलत न राहता रोखपुस्तकात उलटी नोंद करून बँकेची शिल्लक आणि त्या धनकोची देणी दोन्ही पूर्ववत करावी लागतात.

उत्पादन खर्च

या पत्रकाच्या शीर्षकात तारीख नसून कालावधी असतो, उदाहरणार्थ ‘एप्रिल २०२५ या महिन्याचे उत्पादन खर्च पत्रक’. त्या महिन्यात किती रुपये दिले याच्याशी त्याचा संबंध नाही. किती माल वापरला आणि त्या महिन्याच्या वाट्याला किती खर्च आला, एवढेच विचारलेले असते.

कच्च्या मालापासून सुरुवात करू. आरंभीचा साठा ३६,००० रुपये, खरेदी १,८४,०००, बाजारातून कारखान्यापर्यंतचे गाडीभाडे ४,००० आणि अखेरचा साठा २९,०००. म्हणून वापरलेला माल १,९५,००० रुपयांचा. माल आणण्याचे भाडे मालाच्या किमतीत जाते, तयार माल दुकानांत पोहोचवण्याचे भाडे मात्र विक्री खर्चात जाते. पिशव्यांच्या बाबतीत हाच फरक आणखी बारीक होतो. चिवडा ज्या छापील पिशवीत सीलबंद होतो, ती पिशवी नसेल तर तो विकण्याजोगा मालच नाही. म्हणून तिचे १८,००० रुपये प्रत्यक्ष सामग्रीत घ्यावेत. पाठवणीसाठी वापरलेले मोठे खोके विक्री व वितरण खर्चात जातात. तळणाऱ्या आणि भरणाऱ्या कामगारांची मजुरी ५२,००० धरली, की मूळ खर्च २,६५,००० रुपये होतो.

आता कारखाना खर्च. गॅस २६,०००, कारखान्याचे भाडे १५,०००, पर्यवेक्षकाचा पगार १४,०००, यंत्रांवरील घसारा (झिजेपोटी धरलेली रक्कम) ३,००० आणि वीज. वीजबिल ८,००० रुपयांचे आहे आणि त्यातला तीन चतुर्थांश भाग कारखान्याचा, एवढेच गणितात दिलेले असते. ६,००० येथे घेऊन उरलेले २,००० कार्यालयीन खर्चाकडे पाठवावेत. एकूण ६४,००० झाले. वापरून झालेले तेल विकून २,००० रुपये आले, ते यातूनच वजा करून ६२,००० धरावेत. नफा-तोटा खात्याला ‘इतर उत्पन्न’ म्हणून दाखवू नयेत. मूळ खर्चात ते मिळवल्यावर ३,२७,००० होतात.

पत्रकाचा अवघड भाग येथून पुढे येतो. महिन्याच्या पहिल्या दिवशी तळून ठेवलेले पण मसाला न लावलेले पोहे होते, त्यांची किंमत ८,०००. शेवटच्या दिवशी असेच पोहे उरले, त्यांची किंमत ५,०००. हा अर्धवट माल कच्च्या मालाच्या साठ्यातही बसत नाही आणि तयार मालाच्या साठ्यातही नाही, म्हणून त्याची बेरीज-वजाबाकी कारखाना खर्चानंतर करावी. तसे केल्यावर तयार झालेल्या मालाचा खर्च ३,३०,००० रुपये येतो. महिन्यात ३,००० किलो चिवडा तयार झाला असेल, तर दर किलोला ११० रुपये पडतात.

यापुढची चूक इतकी नेहमीची आहे, की ती लाल शाईने आधीच लिहून ठेवावीशी वाटते. आरंभी २०० किलो तयार चिवडा २१,००० रुपयांचा होता आणि अखेरीस ३०० किलो उरला, म्हणजे २,९०० किलो विकला गेला. पुष्कळ विद्यार्थी ३,३०,००० ला २,९०० ने भागतात. उत्पादन खर्च नेहमी उत्पादित नगांनी भागावा. विकलेले नग त्यानंतर येतात. आधी आलेला माल आधी गेला असे धरल्यास अखेरचे ३०० किलो ११० च्या दराने ३३,००० रुपयांचे होतात आणि विकलेल्या मालाचा खर्च ३,३०,००० अधिक २१,००० वजा ३३,०००, म्हणजे ३,१८,००० रुपये येतो. नेहमीच्या कामात चुरा होऊन वाया जाणारे पोहे याच खर्चात विरून जातात. पण छत गळून पंचवीस किलो पोहे भिजले, तर ते नुकसान असाधारण असल्याने उत्पादन खर्चातून बाहेर काढून नफा-तोटा खात्याला न्यावे.

रोख अंदाजपत्रक

नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. त्याच गावातला विद्यार्थी नफा आणि रोख यांत गल्लत करतो, याचे मला नेहमी नवल वाटते. या पत्रकात एकच कसोटी लावावी: या महिन्यात पैसा हातात येईल किंवा हातातून जाईल का? घसाऱ्यापोटी पैसा हातातून जात नाही, म्हणून तो या पत्रकात येत नाही. उधारीची विक्री आज झाली तरी पैसा पुढच्या महिन्यात येतो, म्हणून ती पुढच्या रकान्यात लिहावी.

२०२५ ची दिवाळी ऑक्टोबरात होती, म्हणून ऑगस्ट ते ऑक्टोबर या तीन महिन्यांचे अंदाजपत्रक मांडू. जुलैची विक्री ३,५०,०००, ऑगस्टची ३,६०,०००, सप्टेंबरची ५,००,००० आणि ऑक्टोबरची ७,५०,००० रुपये अंदाजली आहे. त्यातली ४० टक्के रोख आणि ६० टक्के रक्कम पुढच्या महिन्यात मिळते. मालाची खरेदी रोखीने: अनुक्रमे २,४०,०००, ४,२०,००० आणि २,६०,०००. मजुरी ५५,०००, ७५,००० आणि ८०,०००. इतर खर्च दरमहा ७०,००० दिला आहे, पण त्यात ३,००० घसारा आहे, म्हणून ६७,०००. सप्टेंबरमध्ये नव्या यंत्रासाठी ३०,००० आगाऊ द्यायचे आहेत. १ ऑगस्टची शिल्लक ६०,०००.

ऑगस्टमध्ये १,४४,००० रोख विक्रीचे आणि २,१०,००० जुलैच्या उधारीचे, असे ३,५४,००० येतात, ३,६२,००० जातात, ५२,००० उरतात. सप्टेंबरमध्ये २,००,००० आणि २,१६,००० मिळून ४,१६,००० येतात, पण ५,९२,००० जातात, आणि शिल्लक उणे १,२४,००० होते. ऑक्टोबरमध्ये ६,००,००० येऊन ४,०७,००० जातात आणि शिल्लक पुन्हा ६९,००० वर येते. महिन्याची अखेरची शिल्लक उणे असली तरी पुढच्या रकान्यात आरंभीची शिल्लक म्हणून तशीच न्यावी. ती शून्य करून पुढे जाणे ही येथली सर्वांत घातक चूक आहे.

विक्री वाढत असतानाच रोख आटते, हे या गणितातले खरे शिकण्याजोगे आहे, आणि ‘शेरा लिहा’ असे विचारले असेल तर तेच लिहावे. यंत्राची आगाऊ रक्कम नोव्हेंबरवर ढकलली तरी सप्टेंबरची तूट ९४,००० राहते; म्हणून केवळ तेवढे सुचवून थांबू नये. पोह्यांच्या आणि तेलाच्या व्यापाऱ्यांकडून तीन-चार आठवड्यांची उधारी मागणे किंवा बँकेकडून महिन्यापुरता अधिकर्ष मंजूर करून घेणे, हे उपाय आकड्यांसह लिहावेत. नोव्हेंबरमध्ये ऑक्टोबरच्या उधारीचे ४,५०,००० येणार आहेत, हे दाखवले की बँकेलाही ते पटण्याजोगे होते.

अंदाज आणि प्रत्यक्ष यांची तुलना करायची असेल, तर आधी दोन्ही एकाच उत्पादनावर आणावेत. वरच्या पत्रकात सामग्री आणि पिशव्या मिळून २,१३,००० रुपये, म्हणजे किलोला ७१ रुपये लागले. अंदाज ३,००० किलोचा होता, प्रत्यक्षात ३,४०० किलो तयार झाला आणि २,४५,००० खर्च आला, तर सरळ वजाबाकीने ३२,००० जास्त गेल्याचे दिसते. ३,४०० किलोंसाठी अंदाज ७१ च्या दराने २,४१,४०० होतो. खरी वाढ ३,६०० रुपयांचीच आहे. कारखान्याच्या भाड्याला मात्र असे गुणू नये, कारण चारशे किलो जास्त तळले म्हणून घरमालक भाडे वाढवत नाही.