छप्पर आणि पडवी संगणकावर काढताना या चुका टाळा

गावाकडचं घर नव्याने बांधायचं ठरलं की हल्ली पहिला आराखडा घरच्याच लॅपटॉपवर तयार होतो. खोल्या भराभर बसतात, दारं-खिडक्याही जागेवर पडतात, आणि छपराशी आलं की काम अडतं. भिंतींचे कोपरे कौलांतून वर डोकावतात. पडवीचं छप्पर घराच्या भिंतीत घुसतं, नाहीतर चार बोटं अलीकडेच थांबतं. एखादं पाखं, म्हणजे छपराची एक उतरती बाजू, उमटतच नाही. मग छपराला हाताने ओढूनताणून बसवणं सुरू होतं, आणि खरा घोटाळा तिथून वाढत जातो.

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये छप्पर हे स्वतंत्र चित्र नसतं. भिंतीची उंची, घराची रुंदी, उतार आणि वळचण, म्हणजे छपराची पुढे आलेली कड, भिंतीबाहेर किती येते, या चार आकड्यांतून ते निघतं. म्हणून बिघाड दिसतो छपरात, पण असतो बहुधा भिंतीच्या किंवा जोत्याच्या आकड्यात. हाताने ओढलेलं छप्पर पडद्यावर नीट दिसेल. सुतार वासे कापायला बसेल तेव्हा मात्र तोच आकडा पुन्हा समोर येईल, आणि तोवर लाकूड आलेलं असेल.

पुढे सगळीकडे एकच घर धरू. कोकणातलं साधं दुपाखी घर, रुंदी २० फूट, भिंत १० फूट, मंगलोरी कौलांसाठी ३० अंशांचा उतार, पुढे ८ फूट खोल पडवी. ३० अंशांना आडव्या प्रत्येक फुटामागे छप्पर जवळजवळ ७ इंच चढतं. हा एक आकडा लक्षात असला तर निम्म्या चुका कागदावरच सापडतात.

उताराच्या चौकटीत नेमकं काय लिहिता?

उतार तीन तऱ्हांनी सांगतात: अंशांत, टक्क्यांत, किंवा १२ इंचांमागे किती इंच चढ, अशा प्रमाणात. ३० अंश म्हणजे सुमारे ५८ टक्के, म्हणजेच १२ ला जवळजवळ ७. आता टक्क्यांच्या चौकटीत कुणी ३० लिहिलं, तर छप्पर १७ अंशांच्याही खाली येतं आणि कौलांसाठी फारच सपाट होतं. प्रमाणाच्या चौकटीत तेच ३० लिहिलं, तर ६८ अंशांचा सुळका उभा राहतो. सुळका लगेच दिसतो, सपाट छप्पर दिसत नाही. पडद्यावर ते देखणंही वाटतं. कोकणातल्या पावसात वाऱ्याबरोबर पाणी कौलांखाली उलटं चढतं, तेव्हा ते कळतं. फूट-इंचांचं टेम्प्लेट निवडलं असेल तर चौकटीत बहुधा प्रमाण अपेक्षित असतं, हे आधी पाहून घ्या. स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये कोनमापक आणि रोटेट या दोन्ही साधनांना अंशही चालतात आणि ७:१२ असं प्रमाणही.

पडवी: सगळ्यात जास्त इथेच अडतं

पडवीच्या छपराची पहिली चूक उंचीची असते. घराचं पाखं तसंच पुढे उतरवून पडवी झाकायची, ही आपली जुनी आणि चांगली पद्धत. पण हिशेब करा. ८ फुटांच्या पडवीत छप्पर ४ फूट ७ इंच खाली येतं. भिंतीचा माथा १० फुटांवर, म्हणजे पडवीच्या खांबांपाशी वाशाची खालची कड सुमारे ५ फूट ५ इंचांवर. पुढे दीड फूट वळचण काढली तर ती आणखी १० इंच उतरते. माणूस उभ्याने आत येऊ शकत नाही. जुन्या घरांत वळचणी खाली असायच्या, वाकून ओटीवर यावं लागायचं, आणि त्या खाली असल्यामुळे मातीच्या भिंती पावसापासून वाचायच्या. आज तसं नको असेल तर कुठला तरी आकडा बदलावाच लागेल.

पर्याय मोजकेच आहेत. पडवीची जमीन घराच्या जमिनीपेक्षा फूटभर खाली घेतली, म्हणजे सहा-सहा इंचांच्या दोन पायऱ्या, तर खांबांपाशी ६ फूट ५ इंच मिळतात. पण वळचणीखाली साडेपाचच उरतात, म्हणजे एवढ्याने भागत नाही. त्याच्याबरोबर पडवीची खोली ६ फुटांवर आणली तर खांबांपाशी साडेसात आणि वळचणीखाली ६ फूट ८ इंच. घराची भिंत २ फूट उंच केली, तर पडवी ८ फूट खोल ठेवूनही खांबांपाशी ७ फूट ५ इंच मिळतात आणि वर पोटमाळाही निघतो. खर्च भिंतीचा वाढतो, आढं, म्हणजे छपराचा सर्वांत वरचा कणा, तोही तेवढाच वर जातो. किंवा भिंतीच्या रेषेवर उतार मोडायचा आणि पडवीवर २० अंश घ्यायचे. मग पडवीवर कौलांऐवजी पत्रा घालावा. मला विचाराल तर भिंत उंच करण्याचा पर्याय सर्वांत प्रामाणिक आहे. छपराची जात एकच राहते, आणि उतार मोडल्यावर सांध्याशी पाणी शिरण्याची जी कायमची काळजी लागते, ती उरत नाही.

यातलं जे ठरेल ते सॉफ्टवेअरला नीट सांगावं लागतं. जमीन खाली घेतली असेल तर पडवीला वेगळी खोली मानून तिची जमीन-पातळी वेगळी द्या. नुसत्या पायऱ्या काढल्या आणि पातळी तीच ठेवली, तर खांब अधांतरी दिसतात किंवा जोत्यात बुडतात.

दुसरी चूक याच उंचीची जुळी बहीण आहे. रेव्हिट या इमारतींच्या सॉफ्टवेअरमध्ये पडवीला वेगळं छप्पर काढून फक्त बाहेरच्या कडेला ‘डिफाइन्स स्लोप’, म्हणजे उतार इथून सुरू अशी खूण, दिलं जातं, ते बरोबरच आहे. पण उंची म्हणून भिंतीचा माथा, म्हणजे १० फूट, दिला जातो. सॉफ्टवेअर उतार मोजतं तो खालच्या कडेपासून वर. त्यामुळे पडवीचं छप्पर बाहेरच्या कडेला १० फुटांवर सुरू होतं आणि भिंतीपाशी साडेचौदा फुटांवर पोहोचतं, घराच्या वळचणीला भेदून. ‘छप्पर वर का गेलं?’ याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं. तिथे बाहेरच्या कडेची उंची द्यायची.

घर दुमजली असेल आणि पडवी भिंतीला टेकवली असेल, तर वरच्या मजल्याची खिडकी तपासा. खांबांवरची तुळई ८ फुटांवर, खोली ८ फूट, उतार ३० अंश: छपराची खालची कड भिंतीला १२ फूट ७ इंचांवर भेटते. पहिल्या मजल्याची जमीन १० फुटांवर आणि खिडकीची खालची कड त्यावर ३ फूट, म्हणजे १३. मध्ये उरले ५ इंच. वासे, रिपा आणि कौलं यांची जाडी त्यात मावत नाही, आणि भिंतीलगत पाणी अडवणारी पट्टी बसवायला तर जागाच नाही. ज्यांच्या मॉडेलमध्ये छप्पर म्हणजे जाडी नसलेला कागद असतो, त्यांना हे दिसतच नाही. छपराला खरी जाडी पहिल्याच दिवशी द्या.

खांब छपरातून वर आले असतील, तर त्यांची उंची मजल्याइतकी धरली गेली आहे. ती तुळईच्या खालच्या कडेपर्यंत आणा.

दोन पाखी जुळत नाहीत तेव्हा

घर काटकोनात वळत असेल, एक अंग २० फूट रुंद आणि दुसरं १४ फूट, तर दोन्हींना ३० अंश दिल्यावर आढी एका उंचीवर येणार नाहीत. मोठ्या अंगाचं आढं भिंतीच्या माथ्यावर ५ फूट ९ इंच, लहानाचं ४ फूट. ही चूक नाही, भूमिती आहे. लहान आढं मोठ्या पाख्यात जाऊन विरतं, दोन्ही पाखी आतल्या कोनात जिथे भेटतात ती खोलगट रेघ नकाशात बरोबर ४५ अंशांत धावते, आणि वळचणी सगळीकडे एका पातळीत राहतात. हेच ठेवावं, असं माझं ठाम मत आहे.

पण अनेकांना दोन्ही आढी एका रेषेत हवी असतात. मग लहान अंगाचा उतार साडेएकोणचाळीस अंशांपर्यंत वाढतो. दोन फुटांची वळचण ३० अंशांच्या पाख्यात १४ इंच उतरते, तर या उभ्या पाख्यात २० इंच. कोपऱ्यावर सहा इंचांची पायरी पडते आणि पन्हळ जुळत नाही. पुष्कळ लोक ही फट एखादी फळी काढून झाकतात. खरा उपाय वळचणीची लांबी बदलण्याचा आहे: लहान अंगाची वळचण २ फुटांऐवजी १ फूट ५ इंच ठेवली की दोन्ही कडा एका पातळीत येतात. रेव्हिटमधलं ‘अलाइन ईव्ह्ज’ हेच करतं. मात्र ते वळचण बदलतंय की छपराची उंची, हे निवडताना पाहा. उंची बदलली तर छप्पर भिंतीवरून उचललं जातं.

रेव्हिटमध्ये भिंती निवडून छप्पर केलं, तर आणखी एक बारीक जागा आहे. ‘राफ्टर’ निवडल्यास माप भिंतीच्या आतल्या बाजूने धरलं जातं, ‘ट्रस’ निवडल्यास बाहेरच्या. २३० मिमीच्या भिंतीत ३० अंशांना हा फरक १३३ मिमी पडतो. घराला एक आणि पडवीला दुसरं निवडलं गेलं की दोन्ही छपरं सव्वापाच इंचांनी चुकतात, आणि कारण शोधून सापडत नाही. छपरं जोडणारं ‘जॉइन रूफ’ नकार देत असेल तर आधी हे पाहा. मग पडवीच्या छपराची कड वाढवली तर ती घराच्या पाख्यावर किंवा भिंतीवर खरंच पोहोचते का, ते तपासा. नुसती शेजारून जाणारी कड जोडली जात नाही.

छप्पर आपोआप उमटत नाही

चीफ आर्किटेक्ट आणि त्याच घरातलं होम डिझायनर यांत छप्पर खोलीवर येतं, रेघांवर नाही. पडवीचा कठडा घराच्या भिंतीला दोन्ही टोकांना टेकलेला नसेल, तर ती जागा खोली ठरत नाही आणि वर छप्पर येत नाही. कठडा बंद करा, खोलीचा प्रकार पोर्च निवडा, ‘रूफ ओव्हर धिस रूम’ला खूण आहे का पाहा. त्रिकोणी भिंत हवी तिथे ती भिंत गेबल ठरवावी लागते; एकच भिंत मध्ये तुटून दोन तुकडे झाले असतील तर दोन्ही तुकड्यांना सांगावं लागतं, नाहीतर अर्धी दुपाखी आणि अर्धी चौपाखी अशी विचित्र रचना येते. दोन भिंती एका रेषेत दिसतात पण पाच-दहा मिलिमीटरने सरकलेल्या असतात, तेव्हा छपरात बारीक चिरफळ्या उमटतात. भिंती एका रेषेत आणल्या की त्या आपोआप जातात. ‘ऑटो रिबिल्ड रूफ्स’ चालू ठेवून हाताने बदल करू नका, पुढच्या फेरीत ते पुसले जातील.

स्वीट होम थ्रीडीत तयार छपराचं साधन नाही. तिथे भिंतीच्या दोन टोकांना वेगळी उंची देता येते. त्रिकोणी भिंतीसाठी ती आढ्याच्या बिंदूवर तोडा आणि दोन्ही तुकड्यांचं मधलं टोक उंच करा. छपरासाठी तिरकी फिरवलेली पाटी वापरावी लागते. वरच्या खोलीचं सपाट छत उतारातून बाहेर येत असेल तर त्या खोलीचं छत दाखवणं बंद करा.

स्केचअपमध्ये पाखं भरत नाही

चारही कडा जुळल्या तरी पृष्ठभाग उमटत नसेल, तर एक कर्ण काढून पाहा. दोन त्रिकोण भरले, म्हणजे चार बिंदू एका प्रतलात नव्हते. कुठला तरी कोपरा थोडा वरखाली आहे. कर्ण तसाच ठेवून पुढे जाऊ नका. पाखं मुरडलेलं राहतं आणि पुढे पडवीचं छप्पर त्याला छेदताना रेघा चुकतात. चुकीचा कोपरा शोधून जागेवर आणा.

घराचं छप्पर, पडवीचं छप्पर आणि भिंती वेगवेगळ्या ग्रुपमध्ये ठेवा, नाहीतर एक हलवताना दुसरं चिकटून ओढलं जातं. पृष्ठभाग लुकलुकत असेल तर दोन पृष्ठभाग एकाच जागी आहेत. एक काढून टाका. निळसर राखाडी दिसणारे पृष्ठभाग उलटे आहेत, रेंडरिंगला पाठवण्याआधी ते सुलटे करा.

कौलांचं टेक्श्चर बंद करून छेद पाहा

कौलं, झाडं, सावल्या चढवल्या की चुका झाकल्या जातात. म्हणून त्या चढवण्याआधी आढ्याला काटकोनात, पडवीतून आरपार एक छेद घ्या आणि त्यावर मापं टाका: पडवीची जमीन, घराची जमीन, भिंतीचा माथा, खांबांवरच्या तुळईची खालची कड, वळचणीची खालची कड आणि आढं. रेव्हिटमध्ये भिंती छपराला ‘अटॅच टॉप’ केल्या असतील तर त्या छपराच्या खालच्या बाजूला नेमक्या टेकल्या आहेत ना, तेही इथेच दिसतं. एखादी भिंत छपराबाहेर थोडी जरी उरली असेल, तर तेवढा भाग टेकत नाही आणि तिथून तिचा कोपरा वर येतो.

सुतार आणि मिस्त्री यांच्या हाती रंगीत चित्राच्या आधी हा छेद द्या. खांबांपाशी किती उंची मिळेल, कौलांची पहिली ओळ कुठे येईल आणि पन्हळीला किती ढाळ देता येईल, हे ते त्यावरून तिथल्या तिथे सांगतील. त्यांनी एखादं माप बदलायला सांगितलं, तर ते भिंतीच्या किंवा जमिनीच्या आकड्यात बदला आणि छप्पर सॉफ्टवेअरला पुन्हा काढू द्या.