चित्राच्या पुस्तकाला काय विचारावं?

मुलाला मांडीवर घेऊन चित्रांचं पुस्तक उघडलं की बहुतेक घरांत एकच प्रश्न ऐकू येतो, "हे काय आहे?" मूल म्हणतं, "हत्ती." पान उलटतं. "आणि हे?" "झाड." पुस्तक संपतं तेव्हा मुलाने आठ-दहा नामं म्हणून दाखवलेली असतात, आणि त्यातली बहुतेक त्याला आधीच येत असतात. क्रियापद एकही नाही, विशेषण नाही, प्रत्यय नाही.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. प्राथमिक शाळेत शिकवत होते. निवृत्त झाल्यापासून शनिवारी दुपारी आमच्या सोप्यात, म्हणजे ओसरीवर, गल्लीतल्या मुलांना पुस्तकं वाचून दाखवते. एवढ्या काळात एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. मुलाची भाषा पुस्तकातल्या मजकुरावर जेवढी वाढते, त्याहून जास्त ती आपण चित्राबद्दल काय विचारतो यावर वाढते. कारण आपल्या प्रश्नातच उत्तराचं व्याकरण दडलेलं असतं. "काय आहे?" विचारलं की नाम मिळतं. "काय करतोय?" विचारलं की क्रियापद मिळतं. "कुठे?" विचारलं की मुलाला प्रत्यय लावावाच लागतो.

एक पान घेऊन सांगते. गंगावेशीतल्या दूध कट्ट्याचा एक फोटो मी वहीत चिकटवलाय. म्हैस उभी आहे, माणूस उकिडवा बसून धार काढतोय, चरवीत फेस आलाय, मागे एक आजोबा पेला धरून थांबलेत, बाजूला रेडकू बांधलंय. चार-साडेचार वर्षांच्या मुलाबरोबर हे पान बघताना मी आधी गप्प बसते. मूल स्वतःहून काहीतरी म्हणतं, बहुतेक वेळा "म्हस!" मग मी विचारते, "म्हैस काय करतेय?" उत्तर येतं, "उभी आहे", "वैरण खातेय". "आणि हा माणूस?" "धार काढतोय." "कुठं बसलाय तो?" इथे मूल क्षणभर अडखळतं, कारण त्याला "म्हशीजवळ" म्हणायचं असतं आणि त्यासाठी म्हैस बदलून म्हशी व्हावी लागते. "दूध कशात पडतंय?" "चरवीत." "आजोबा कशाला थांबलेत?" इथे "दूध प्यायला" येतं. "रेडकाला का बांधलं असेल?" या प्रश्नाला मुलं काय काय सांगतात ते ऐकण्यासारखं असतं, आणि त्यातलं "असेल" ती हळूहळू स्वतः वापरायला लागतात. "नाहीतर सगळं दूध तेच पिऊन टाकेल" असं वाक्य मुलाने म्हटलं की बघा त्यात किती गोष्टी एकदम आल्या.

एका पानावर एवढं पुरे. सगळ्या पानांवर असे प्रश्न विचारत बसलात तर मूल उठून जाईल, आणि ते बरोबरच आहे. गोष्ट आधी सलग वाचायची. प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या वाचनाला, तेही दोन-तीन पानांवरच.

ही रीत काही मी शोधलेली नाही. १९८८ साली अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना महिनाभर असं प्रश्न विचारत वाचायला शिकवलं, तेव्हा बोलण्याच्या चाचण्यांत ती मुलं नेहमीच्या पद्धतीने वाचून दाखवलेल्या मुलांच्या पुढे गेली. मराठीत मात्र प्रश्न कोणते विचारायचे हे आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं, कारण आपल्या भाषेची अवघड वळणं वेगळी आहेत.

त्यातलं सगळ्यात मोठं वळण म्हणजे सामान्यरूप, प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं बदलणारं रूप. घोडा, पण घोड्यावर. भिंत, पण भिंतीवर. विहीर, पण विहिरीत. पाणी, पण पाण्यात. मूल "घोडावर" म्हणतं तेव्हा त्याने नियम ओळखलेला असतो, "वर" कुठे लावायचं ते त्याला कळलेलं असतं. म्हणून "चुकलं, नीट म्हण" असं म्हणू नका. त्याचंच वाक्य बरोबर करून पुढे न्या. "हो, घोड्यावर बसला. घोड्यावर बसून कुठं निघाला असेल?" मूल उत्तर देताना बहुतेक वेळा "घोड्यावरून" असं काहीतरी म्हणून जातं आणि आपण दुरुस्त झालो हे त्याला कळतही नाही. या कामासाठी लपाछपीची चित्रं असलेली पुस्तकं सोन्यासारखी. मांजर कुठं लपलंय? माळ्यावर, पोत्यामागे, ओट्याखाली, पाट्याजवळ, दाराच्या फटीत.

दुसरं वळण लिंगाचं. तीन लिंगं पाठ करून घ्यायची काहीच गरज नाही, रंग विचारा. काळा घोडा, काळी म्हैस, काळं रेडकू. पांढरा बोका, पांढरी मांजर, पांढरं पिल्लू. मग मुद्दाम लाल आणा. लाल टोपी, लाल फेटा, लाल फूल. पाच-सहा वर्षांच्या मुलाला कधीतरी स्वतःहून जाणवतं की लाल काही बदलत नाही, आणि ते जाणवल्यावर जो चेहरा होतो तो बघायला मिळावा म्हणून मी हे आधी सांगत नाही. जनावरांची पुस्तकं याच्यासाठी घ्याच, पण "गाय म्हणजे गोमाता" एवढ्यावर थांबू नका, पिल्लांवर या. वासरू, रेडकू, करडू, कोकरू, शिंगरू, आणि त्याच वळणाचं पाखरू. एक वासरू, चार वासरं. एक करडू, कळपभर करडं. एकाचं वळण आलं की मूल बाकीची स्वतः करतं, आणि वासराला, करडाला, पाखराला हेही त्याच ओघात येतं. चिंच-चिंचा, वीट-विटा आणि भिंत-भिंती, म्हैस-म्हशी यात मात्र असा सोपा धागा नाही. ते ऐकून ऐकूनच येतं, तिथे घाई करू नका.

तिसरं वळण पालक सहसा बघतच नाहीत. मांजराने दूध सांडलं. मांजराने चरवी सांडली. मांजराने पेला पाडला. सांडणारं मांजर तेच, पण क्रियापद बदलतं, कारण ते सांडलेल्या वस्तूच्या मागे जातं. लहान मूल म्हणतं, "मी आंबा खाल्लो." वरच्या वर्गात याला कर्मणी प्रयोग म्हणून शिकवतात आणि तेव्हा मुलांना ते नवं संकट वाटतं. खरं तर चार वर्षांचं मूल हे चित्रातून सहज शिकतं. जिथे काहीतरी पडलंय, फुटलंय, कुणीतरी काहीतरी खाऊन टाकलंय असं पान शोधा आणि विचारा, "हे कुणी केलं?" मग वस्तू बदलत जा. उंदराने काय खाल्लं? लाडू खाल्ला. आणि? भाकरी खाल्ली. आणि? केळं खाल्लं. मुलांना उंदराचं पोट फुटेपर्यंत खाऊ घालायला फार आवडतं. "करला" म्हणणारं मूलही इथेच "केला"वर येतं.

शब्दांबद्दल माझं मत थोडं हट्टी आहे. एका पुस्तकातून तीन-चारच नवे शब्द उचला आणि त्यातले निदान दोन क्रियापदं असू द्या. ओढणं, ढकलणं, रेटणं, खेचणं, फरफटत नेणं. हे शब्द सांगून कळत नाहीत, करून कळतात. मुलांना सोप्यातला पाट ओढायला लावा, मग ढकलायला, मग दोघांनी मिळून रेटायला. तेच पुस्तक आठवडाभर वाचा. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना येत नाही. मग शब्द पुस्तकाबाहेर काढा. कपिलतीर्थ मंडईत जाताना मुलाला सोबत न्या आणि मेथीची पेंडी, कोबीचा गड्डा, केळ्यांचा घड, द्राक्षांचा घोस, मिरच्यांचा ढीग असं मोठ्याने बोलत खरेदी करा. घरी आल्यावर तेच भाजीच्या चित्रात शोधायला सांगा. इंग्रजी माध्यमातलं मूल "रेड कलरचा बॉल" म्हणालं तर रागावू नका. "हो, लाल चेंडू. लाल चेंडू कुठं घरंगळला?" असं पुढे चला.

आता आपल्या बोलीबद्दल, कारण इथे मी शिक्षकांशीही भांडले आहे. कोल्हापुरात मूल म्हणतं, "त्यो धार काढालाय." मुलगी म्हणते, "बाई, मी आलो." ही चूक नाही. तिची आई, आज्जी, मावशी सगळ्या असंच बोलतात आणि त्या बोलण्याला त्याचे स्वतःचे नियम आहेत. "आले म्हण" असं सगळ्यांसमोर सांगितलं की ती मुलगी पुढच्या वेळी बोलतच नाही, आणि न बोलणाऱ्या मुलाला व्याकरण कसं शिकवणार? मी एकच पान दोन पद्धतींनी सांगते. आधी पुस्तकात लिहिलंय तसं, "तो धार काढतोय." मग विचारते, "आज्जी कशी सांगेल?" मुलं खुदकन हसतात आणि सांगतात. पाच-सहा वर्षांची मुलं दोन्ही रूपं व्यवस्थित वेगळी ठेवतात. शाळेच्या वहीत पुस्तकातलं उतरतं, सोप्यात आज्जीचं.

पुस्तकं कुठून आणायची? ज्योत्स्ना प्रकाशन आणि नॅशनल बुक ट्रस्टची मराठी चित्रपुस्तकं दुकानांत मिळतात. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं फुकट वाचता, उतरवता आणि छापताही येतात. ती चार पातळ्यांत लावलेली आहेत. पातळीचा आकडा मूल स्वतः वाचणार असेल तर महत्त्वाचा, तुम्ही वाचून दाखवणार असाल तर एक पातळी वरचंही खुशाल घ्या. निवडताना मी दोन गोष्टी बघते. चित्रात मजकुरात नसलेलं काहीतरी घडतंय का, आणि वाक्य मोठ्याने म्हटलं तर मराठी वाटतं का. भाषांतरित पुस्तकात "तो खूप आनंदी होता" असं पानोपानी आलं तर मी वाचताना ते बदलते, "त्याला कोण आनंद झाला!" मजकूर नसलेली नुसत्या चित्रांची पुस्तकं तर अवश्य घ्या. आज्जीला वाचता येत नसेल तरी ती नातवाबरोबर बसू शकते, आणि तिच्याकडे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त शब्द आहेत.

आणि एक पुस्तक घरी बनवा. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे गुऱ्हाळं सुरू होतात. ओळखीच्या गुऱ्हाळावर मुलाला न्या आणि फोनवर सहा-सात फोटो काढा. उसाची मोळी, चरक, रसाची काहिल, वर येणारी मळी, चुलवाणात चिपाडं सारणारा माणूस, वाफ्यात ओतलेला पाक, शेवटी ढेप. फोटो छापून घ्या, मुलाला क्रमाने लावायला द्या. आधी काय, मग काय, अजून काय व्हायचंय, हे सगळं त्याला काळ न शिकवता बोलावं लागतं. रस उकळतोय, मळी काढली, आता पाक ओततील. प्रत्येक फोटोखाली मूल सांगेल तेच वाक्य, सांगेल तसंच, ठळक अक्षरात लिहा. "काहिलमध्ये" म्हणालं तर तेच लिहा. वही महिनाभर त्याच्या हाताला येईल अशा खालच्या फळीवर ठेवा आणि पुन्हा एकत्र वाचा. बहुतेक वेळा मूल स्वतःच बोट ठेवून म्हणतं, "हे काहिलीत पाहिजे." तेव्हा खोडरबर त्याच्याच हातात द्या. अर्थात त्यासाठी आधी पेन्सिलने लिहिलेलं असावं.