कॅट पुन्हा द्यायची का? डिसेंबरात ठरवू नका

आमच्या दारव्हा तालुक्यात कॅटचा, म्हणजे आयआयएमसारख्या संस्थांत एमबीएला जाण्याच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की पहिला प्रश्न ठरलेला: "निंगाला का पेपर?" याला काय उत्तर द्यावं? तलाठी भरतीत, पोलीस भरतीत यादीत नाव असतं किंवा नसतं. कॅटमध्ये पास-नापास नाहीच. ८८ पर्सेंटाइल सांगितले तर काका खूश होतात, "अठ्ठ्याऐंशी टक्के! मंग झालं की!" आणि ज्याला मिळाले तो खोलीत तोंड पाडून बसलेला. ८८ पर्सेंटाइल म्हणजे बसलेल्यांपैकी ८८ टक्के लोक तुमच्या मागे. २०२४ साली सुमारे २ लाख ९३ हजार जणांनी पेपर दिला, म्हणजे पुढे अजून पस्तीस हजार आहेत.

मी ही परीक्षा नोकरी करत पुन्हा दिली. शेवटी राज्याच्या सीईटीच्या गुणांवर मुंबईत एमबीए केलं. आता दर हिवाळ्यात इकडच्या पोरापोरींचे फोन येतात, "दादा, अजून एक वर्ष देऊन पाहू का?" माझं पहिलं उत्तर नेहमी एकच असतं: आत्ता ठरवू नको.

डिसेंबरात निकाल येतो तेव्हाच इकडे कापूस जिनिंगवर जात असतो. घरात चार पैसे दिसतात आणि त्या भरात नागपूरच्या क्लासची पुढच्या वर्षाची फी भरली जाते. एमबीएच्या प्रवेश परीक्षांचा हंगाम मात्र संपलेला नसतो, कॅटखेरीज इतरही परीक्षा असतात. जानेवारीच्या पहिल्या रविवारी झॅट असते. एनमॅट आणि स्नॅप तर एकाच हंगामात एकापेक्षा जास्त वेळा देता येतात आणि चांगला स्कोअर धरला जातो, तिथे 'रिपीट'ला वर्ष लागतच नाही. मग राज्याची एमबीए सीईटी. २०२४ मध्ये ती मार्चात झाली, २०२५ मध्ये एप्रिलच्या पहिल्या तीन दिवसांत. २०० प्रश्न, १५० मिनिटं, चुकीला गुण कापणं नाही. त्यातले १०० प्रश्न तर्क आणि आकृत्यांचे. कॅटमध्ये एका विभागात मागे पडलात तर एकूण पर्सेंटाइल चांगले असूनही आयआयएमचं बोलावणं येत नाही. सीईटीत विभागवार अट नाही. ज्यांनी भरतीसाठी बुद्धिमत्ता चाचणीची पुस्तकं झिजवली आहेत, त्यांना हा पेपर मानवतो. जमनालाल बजाज, सिडनहॅम, पुणे विद्यापीठाचा विभाग ही दारं याच परीक्षेने उघडतात. त्यामुळे पुन्हा कॅट द्यायची की नाही, हे सीईटीचा स्कोअर हातात आल्यावर ठरवावं.

दरम्यान एक काम मात्र लगेच करा. परीक्षेनंतर उत्तरतालिका आणि तुमची स्वतःची रिस्पॉन्स शीट, म्हणजे तुम्ही नोंदवलेली उत्तरं, संकेतस्थळावर येते. ती उतरवून घ्या. बहुतेक जण बेरीज करून ती बंद करतात, खरा माल तिच्या आत असतो. प्रत्येक प्रश्नापुढे खूण करा: सोडवला आणि चुकला, वाचून सोडला, की तिथपर्यंत पोचलोच नाही.

माझ्या मामेबहिणीची शीट आम्ही अशीच घेऊन बसलो होतो. डेटा इंटरप्रिटेशन-लॉजिकल रीझनिंगचे, म्हणजे तक्ते-आकडे आणि तर्काचे, २२ प्रश्न, ४० मिनिटं. हे प्रश्न सेटमध्ये येतात, एका माहितीवर चार-पाच प्रश्न. तिने दोनच सेट उघडले होते. पहिल्यातच अर्धा वेळ गेला, तरी त्यातली दोन उत्तरं चुकली. उरलेले सेट न पाहिलेले. त्यातला एक आम्ही तिथेच सोडवला, दहा मिनिटांत झाला. इंग्रजी आणि गणित दोन्ही ठीक होतं. म्हणजे तिला विषय येत होता, सेट निवडणं येत नव्हतं. हे मॉक, म्हणजे सराव परीक्षा, देऊन चार-सहा महिन्यांत सुधारतं. तिला मी बेलाशक सांगितलं, नोकरी चालू ठेव आणि पुन्हा दे. ८५ ते ९५ पर्सेंटाइलच्या पट्ट्यात पाच-सात बरोबर प्रश्नांनी चित्र पालटतं.

दुसरा एक मुलगा दिग्रसकडचा. त्याचे चुकलेले प्रश्न जवळपास सगळे इंग्रजी उताऱ्यांवरचे. त्या विभागात २४ पैकी १६ प्रश्न उताऱ्यांचेच असतात. मराठी माध्यमातून आलेल्या आपल्या पोरांचं घोडं इथेच अडतं. शब्द कळतात, पण लेखकाला नेमकं काय म्हणायचंय ते ४० मिनिटांच्या घाईत हाती लागत नाही. यावर शॉर्टकट विकणारे पुष्कळ आहेत, मला एकही पटलेला नाही. रोज वाचायचं, आणि ते वर्ष-दीड वर्ष. त्याला सीईटीवर जोर द्यायला सांगितलं. त्याला राग आला. येऊ दे.

दहावी, बारावी आणि पदवीचे गुणही पाहा. आयआयएमच्या निवडीत यांना वजन असतं, आणि ते आता बदलणार नाहीत. दहावीला ६२ टक्के असतील तर पर्सेंटाइल थोडे वाढूनही काही ठिकाणी यादीत नाव येणार नाही. ज्या संस्था डोक्यात आहेत त्यांचे निवडीचे निकष त्यांच्या संकेतस्थळावर असतात, ते वाचून मगच किती पर्सेंटाइल लागतील तो आकडा ठरवा. नोकरीच्या अनुभवालाही बऱ्याच ठिकाणी गुण असतात, घरी बसून काढलेल्या वर्षाला नसतात. बाकी मागचा स्कोअर कमी होता म्हणून यंदा कुणी अडवत नाही. कॅटचा स्कोअर त्या एका प्रवेशवर्षापुरताच चालतो. किती वेळा द्यावी यालाही मर्यादा नाही.

आता 'घरी राहून अभ्यास' या भ्रमाबद्दल. कॅट नोव्हेंबरच्या अखेरीस. त्याआधीचे दोन महिने आपल्याकडे काय असतं? सोयाबीनची सोंगणी, मळणी, मग सीतादही, म्हणजे वेचणी सुरू करतानाची पूजा, आणि कापसाची वेचणी. मजूर मिळत नाहीत. हरभऱ्याला ओलीत करायचं तर लाइन रात्रीची. शिकलेलं पोरगं घरात रिकामं दिसलं की कुणीतरी म्हणणारच, "एवढं गाठोडं काट्यावर नेऊन दे ना बापा." आणि ते चूकही नाही. म्हणून रिपीट करायचंच असेल तर यवतमाळ, अमरावती, नागपूर, कुठेही छोटी का होईना नोकरी धरा आणि सकाळ-संध्याकाळ अभ्यास करा. ते जमलंच नाही तर तालुक्याच्या अभ्यासिकेत जागा घ्या आणि घरी आधीच सांगून ठेवा की ऑक्टोबर-नोव्हेंबरात मी नाही.

मॉक मोबाइलवर देऊ नका. खऱ्या पेपरात मोठा पडदा असतो, कॅल्क्युलेटर पडद्यावरचा आणि तोही माउसने चालवायचा. ओळखीच्या ई-सेवा केंद्रात गर्दी नसताना संगणक मागा, सलग दोन तास बसा. केंद्रवाला चहा पाजतो, वरून शिव्याही देतो, पण देतो.

आणि ठरलंच पुन्हा द्यायचं, तर आधी कागद. कॅटचे अर्ज ऑगस्टमध्ये सुरू होतात. ओबीसीतून भरणार असाल तर नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, राज्याचं चालत नाही, आणि ते त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचं हवं. भटक्या-विमुक्तांनी तर आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते आधी पाहावं. राज्यातले एनटी-बी, सी, डी हे गट तिथे नाहीत. जूनमध्ये सेतूत अकरावी आणि पदवीच्या प्रवेशांची झुंबड असते, सर्व्हर बसलेला असतो. प्रमाणपत्राचा अर्ज एप्रिल-मेमध्येच टाका.