जुना रोलचा कॅमेरा कसा पारखावा आणि कसा वापरावा

बेळगावच्या खडेबाजारातील किंवा निपाणीतील एखाद्या जुन्या फोटो स्टुडिओच्या कपाटात, कधी खानापूरकडील घरातल्या ट्रंकेत, चामड्याच्या कव्हरात जपलेला रोलचा कॅमेरा अजूनही निघतो. तो घेण्याजोगा आहे की नाही, हे रोल न घालता आणि बॅटरीशिवाय जागेवरच ठरवता येते, मात्र कॅमेरा पूर्णपणे यांत्रिक असावा लागतो. १९७६ साली आलेला पेंटॅक्स के-१००० आणि १९७७ सालचा निकॉन एफएम या दोन्हींमध्ये बॅटरी लागते ती केवळ प्रकाश मोजणाऱ्या मीटरला. शटर, म्हणजे रोलवर क्षणभरच प्रकाश पडू देणारा पडदा, स्प्रिंगवर आणि दातेरी चाकांवर चालते. कॅनन एई-१ मध्ये मात्र बॅटरी नसेल तर शटरच हलत नाही, त्यामुळे पहिलाच कॅमेरा घेणाऱ्याने तो टाळलेला बरा, असे माझे मत आहे.

सर्वप्रथम लेन्स पाहावी. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल सुटते, जांबोटीच्या बाजूला तर कपाटातले कपडेही बुरसटतात, आणि अशा हवेत वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या लेन्सला बुरशी हमखास धरते. लेन्स काढून अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र पूर्ण उघडावे आणि मागून मोबाइलचा टॉर्च दाखवून तिरप्या नजरेने आत पाहावे. धुळीचे चार कण असल्यास चिंता नाही. पण कडेकडून आत पसरलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी असते आणि ती काचेवरील लेपच खाते. विकणारा ‘पुसलं की जातंय बघा’ म्हणेल, पण लेपावरचा डाग पुसून जात नाही.

मग शटर. ते कापडाचे असल्यास लेन्स काढून, मागचे झाकण उघडून उजेडाकडे धरावे आणि पडद्याला टाचणीएवढी भोके नाहीत ना, हे पाहावे. रोल पुढे सरकवणारी लिव्हर ओढून प्रत्येक वेगावर बटण दाबावे. १/१००० आणि १/५०० सेकंदांमधला फरक कानाला कळणार नाही, परंतु १ सेकंदाच्या वेगावर आतील चाकांची घरघर सलग ऐकू आली पाहिजे. ती मध्येच अडखळली, तर आतले वंगण वाळले आहे, असे समजावे. ही दुरुस्ती होते, मात्र तिचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. झोर्की-४ सारख्या सोव्हिएत कॅमेऱ्यात लिव्हर किंवा किल्ली फिरवल्यानंतरच वेग बदलायचा असतो, नाहीतर यंत्रणा बिघडते. मागच्या झाकणाच्या खाचेतील फोम डांबरासारखा चिकट झालेला असणे नेहमीचेच आहे. तो खरवडून काळी लोकर बसवली की काम भागते.

रोल सावलीत भरावा. त्याचे टोक फिरकीच्या फटीत घालून, कडेची छिद्रे दात्यांवर नीट बसली आहेत, याची खात्री झाल्यावरच झाकण लावावे. नंतर डावीकडील गुंडाळण्याची मूठ हलकेच फिरवून रोलमधील ढिलाई काढावी, आणि लिव्हर ओढताना ती मूठ आपोआप उलट फिरते का, ते पाहावे. मी हे एकदा पाहिले नाही. आमच्या गावची लक्ष्मी यात्रा होती, जी कित्येक वर्षांनी एकदा भरते. भंडाऱ्याने सगळा गाव पिवळा झाला होता आणि मी भान विसरून फोटो काढत होतो. ३६ चा रोल असूनही फोटो मोजणारा आकडा ४० च्या पुढे गेला, तेव्हा संशय आला. टोक फटीतून सुटले होते, आकडा मात्र लिव्हरच्या ओढीबरोबर मुकाट्याने पुढे सरकत राहिला होता. फोकसच्या कड्यात शिरलेला भंडारा ब्रशने काढायला पुढे आठवडा लागला, तो निराळाच.

मीटर बंद असला तरी अडत नाही. लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर एफ/१६ आणि शटरचा वेग रोलच्या आयएसओच्या (रोल प्रकाशाला किती संवेदनशील आहे हे सांगणाऱ्या आकड्याच्या) जवळपास, म्हणजे २०० च्या रोलसाठी १/२५०, ठेवावा. एफचा आकडा लहान तितके छिद्र मोठे, म्हणून वेग तोच ठेवून ढगाळ हवेत एफ/८ आणि गल्लीतल्या उघड्या सावलीत एफ/४ घ्यावे. संशय असल्यास निगेटिव्ह रोलला थोडा जास्त प्रकाश द्यावा, कमी देऊ नये. राजहंसगडावर पाठीशी आकाश घेऊन उभ्या माणसाचा चेहरा काळवंडतो, तो प्रकाश कमी दिल्यामुळेच.

रोल संपला की तळाचे छोटे बटण दाबून, मूठ बाणाच्या दिशेने फिरवत राहावी. ती अचानक हलकी झाली की रोल डबीत परतला, त्याआधी झाकण उघडू नये. रंगीत रोल लॅबकडेच धुवायला द्यावा. काळापांढरा रोल मात्र घरी, उजेड न शिरणाऱ्या टँकमध्ये, डेव्हलपर (चित्र उमटवणारे रसायन) आणि फिक्सर (ते टिकवणारे रसायन) वापरून धुता येतो. द्रावण २० अंशांवर ठेवायचे असते आणि एप्रिलमध्ये नळाचेच पाणी त्याहून गरम असल्यामुळे बाटली बर्फाच्या पाण्याच्या बादलीत ठेवावी लागते. धुतलेला रोल न्हाणीघरात टांगावा, पंख्याखाली नको, कारण ओल्या रोलवर बसलेली धूळ नंतर सुटत नाही.

पावसाळा लागण्यापूर्वी कॅमेरा चामड्याच्या कव्हरातून बाहेर काढावा, कारण चामडे ओल धरून ठेवते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह तो ठेवावा आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून शटर सर्व वेगांवर चालवावे.