अपघातानंतर चालकाची मद्यचाचणी: घड्याळ, यादी आणि बाटलीवरचं सील

ठाण्यात घोडबंदर रोडवर नाहीतर नवी मुंबईत पामबीच रोडवर मध्यरात्री गाडी कुणाला तरी उडवते. जखमींची धावाधाव होते आणि चालक प्यायलेला होता का, हा प्रश्न नातेवाइकांना सकाळी पोलीस ठाण्याच्या बाकावर आठवतो. तोवर पुरावा जिरत आलेला असतो. शरीर दर तासाला 100 मिली रक्तामागे साधारण 15 मिलिग्रॅम अल्कोहोल संपवतं. कुणाचं 10, कुणाचं 20. रात्री 2 वाजता 80 वर असलेला माणूस सकाळी 6 ला 20 वर येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 ची मर्यादा आहे 30.

अपघात झाला की चाचणी आपोआप होते, असं समजू नका. कलम 203 नुसार संशयाला वाजवी कारण असेल तर गणवेशातला पोलीस चालकाला श्वासातली दारू मोजणाऱ्या मशीनमध्ये फुंकायला सांगू शकतो. सांगू शकतो, सांगायलाच हवं असं नाही. म्हणून मागणी तुम्ही करा. चालकाच्या तोंडाला वास येत असेल, तो झोकांड्या खात असेल, तर 112 ला फोन करतानाच तसं सांगा. मग पोलीस ठाण्यात ड्युटीवर असलेल्या ठाणे अंमलदाराकडे चार ओळींचा अर्ज द्या: गाडीचा नंबर, जागा, वेळ, काय दिसलं, चाचणीची मागणी. पोच घेताना शिक्क्याबरोबर वेळही लिहून घ्या. हद्दीत चुकू नका. विटावा ठाणे शहर पोलिसांकडे, त्याला लागून पलीकडचं दिघा नवी मुंबई पोलिसांकडे. या फेऱ्यात सहज तास जातो. फुंकायचं मशीन बहुतेकदा वाहतूक शाखेकडे असतं आणि गुन्हा स्थानिक ठाण्यात नोंदला जातो. मशीन मागवलं का, हे विचारायला लाजू नका.

त्याआधी एक गोष्ट: चालक नेमका कोण होता? गर्दीत दुसराच माणूस पुढे करण्याचा प्रकार नवा नाही. सीटवर बसलेला किंवा दार उघडून उतरणारा माणूस मोबाइलमध्ये आला, तर पुढचं बरंच भांडण वाचतं.

फुंकण्याआधी 15 मिनिटं चालकाने काही खाऊ-पिऊ नये, उलटी झाली असेल तर वेळ पुन्हा मोजायची. तोंडात राहिलेली दारू आकडा फुगवते. नळी नवी, फुंकण्याआधीचं रीडिंग शून्य, पावतीवर तारीख आणि वेळ. पावतीचा कागद उष्णतेने काळा होतो, शाई उडते. त्याच दिवशी झेरॉक्स काढून घ्यायला तपास अधिकाऱ्याला सांगा.

चालकाने फुंकायला नकार दिला किंवा मशीनने दारू दाखवली, तर अटकेनंतर कलम 204 खाली डॉक्टरांकडून रक्त घेता येतं. चालक स्त्री असेल आणि डॉक्टर पुरुष, तर दुसरी स्त्री हजर हवी. चालकच जखमी होऊन दाखल असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आधी कळवावं लागतं, आणि उपचारांत बाधा येईल असं त्यांनी म्हटलं तर थांबावं लागतं. खासगी रुग्णालय असलं तरी पोलिसांची यादी, म्हणजे तपासणी करून रक्त घ्या असं सांगणारं पत्र, तिथे पोचली पाहिजे. यादी पोचली नाही आणि सलाईन, रक्त चढवलं गेलं, की आकडा पातळ होतो. रुग्णालयाने स्वतःच्या लॅबमध्ये सीरमवर (रक्तातून पेशी वगळून उरणाऱ्या पातळ भागावर) केलेली तपासणी न्यायालयात तशीच्या तशी चालत नाही. सीरमचा आकडा रक्तापेक्षा 15 टक्क्यांच्या आसपास जास्त येतो.

रक्त घेताना तुम्हाला खोलीत कुणी उभं करणार नाही. पण बचावाचे वकील पुढे जे उकरून काढतात, ते आत्ताच माहीत असू द्या. कातडी स्पिरिटने पुसलेली नको, साबण-पाणी चालतं. सलाईन लावलेला हात सोडून दुसऱ्या हाताच्या शिरेतून किमान 5 मिली रक्त. बाटलीत सोडियम फ्लोराइड आणि ऑक्झलेट असलं पाहिजे. फ्लोराइड नसेल तर नमुन्यातले जंतू अल्कोहोल वाढवतात किंवा कमी करतात, आणि ऑक्झलेट नसेल तर रक्त गोठतं. बाटली हलकेच उलटसुलट करून मिसळायची, जवळजवळ काठोकाठ भरायची, लाखेचं सील, लेबलवर नाव, वेळ, डॉक्टरांची सही. लॅबला जाईपर्यंत फ्रिजमध्ये. नुसता तोंडाला वास येतो असा शेरा पुरत नाही; चाल, बोलणं, बुबुळं यांच्या नोंदी आणि तपासणीची वेळ केसपेपरवर हवी.

पुण्यात कल्याणीनगरच्या मे 2024 मधल्या प्रकरणात रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप झाला आणि डीएनए तपासणीने तो नमुना चालकाचा नसल्याचं समोर आलं. संशय असेल तर नमुन्याची डीएनए जुळवणी करावी, असा लेखी अर्ज तुम्हीही देऊ शकता.

चालक पळून गेला आणि दोन दिवसांनी सापडला, तर रक्तात काही उरत नाही. मग बारचं बिल, कार्ड किंवा यूपीआयची नोंद, बार, टोलनाका आणि सोसायटीचे कॅमेरे. कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, तेव्हा जपून ठेवण्याचं पत्र पोलिसांनी लगेच द्यावं, असा अर्ज करा.

नमुना मुंबईतल्या कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेला की पुढे सीए रिपोर्टची, म्हणजे तिथल्या रासायनिक तपासणीच्या अहवालाची वाट. नमुना कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने गेला, तेवढं तपास अधिकाऱ्याकडून लिहून घ्या. पाठपुरावा त्याच क्रमांकावर होतो.