रानातल्या पांडांचे जंत: अंश सोपा, छेद अवघड

पशुवैद्यकाची पदवी हातात, परजीवीशास्त्राची आवड आणि डोळा थेट चीनच्या पांडांवर, अशांसाठी हे टिपण. बेलिसॅस्कॅरिस श्रोडेरी हा पांडाचा गोल जंत. त्याला मधला यजमान (वाढीसाठी लागणारा दुसरा प्राणी) लागत नाही. अंड्यातून सुटलेली अळी आतड्याची भिंत फोडून यकृत-फुप्फुसांत भटकते. एवढे तुम्हाला ठाऊक आहे असे धरून पुढे जाऊ.

सगळ्यात मोठा खड्डा सूक्ष्मदर्शकाखाली नाही, वहीत आहे. एक पांडा दिवसाला विष्ठेचे शंभरच्या आसपास गोळे टाकतो. जिथे बसून बांबू खाल्ला, तिथेच झोपला, तिथेच ढीग. समजा शान्शीतल्या किनलिंग पर्वतरांगेच्या एका घळीतून 60 गोळे आणले, 36 मध्ये अंडी दिसली आणि लिहून टाकले, ‘60 टक्के पांडांना जंत’. आता ते सगळे गोळे दोनच पांडांचे असतील तर? मग खरे उत्तर 50 टक्के किंवा 100 टक्के. 60 हा आकडा तर शक्यच नाही! प्रादुर्भाव सांगताना छेदात पांडा मोजायचे असतात, गोळे नव्हेत. गोळे वाढवले की आकडा भारदस्त दिसतो, खरा होत नाही. 2011 ते 2014 च्या गणनेत रानात 1,864 पांडा मोजले गेले, तेही सिचुआन, शान्शी आणि गान्सूमधल्या सहा पर्वतरांगांत विखुरलेले. एका खोऱ्यातून साठ वेगळे पांडा मिळतील ही आशाच सोडा.

मग पांडा वेगळे ओळखायचे कसे? जुना मार्ग म्हणजे विष्ठेतल्या बांबूच्या दांड्यांचे अख्खे तुकडे मोजायचे. प्रत्येक पांडाच्या चाव्याची लांबी थोडी वेगळी असते, पिल्लांची बरीच कमी. निदान 100 तुकडे मोजून सरासरी काढा. पण विष्ठा नुसत्या पानांची किंवा कोंबांची असली तर ही पट्टी चालत नाही. भरवशाचा मार्ग डीएनएचा. ताज्या गोळ्यावर चकचकीत बुळबुळीत थर असतो, त्यात पांडाच्या आतड्यातल्या पेशी असतात. तो थर आधी निर्जंतुक बोळ्याने पुसून 95 टक्के इथेनॉलमध्ये टाका आणि मायक्रोसॅटेलाइटने (प्रत्येक पांडात वेगळ्या लांबीच्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांनी) पांडा ओळखा. अंड्यांसाठी गोळा त्यानंतर फोडायचा, आणि नमुना आतल्या भागातला घ्यायचा. बाहेरच्या भागात मातीतले मुक्त सूत्रकृमी (परजीवी नसलेले बारीक जंत) घुसतात. नवखा माणूस त्यांच्या अळ्यांना आकडीकृमी (हुकवर्म) समजतो. थर वाळला म्हणजे गोळा जुना, तो सरळ सोडून द्या, मोह होईल तरीही.

छेदाची दुसरी बाजू ग्रॅमची. पांडा बांबूतला शुष्कांश जेमतेम 17 टक्के पचवतो, उरलेला चोथा बाहेर. त्या चोथ्यात अंडी पातळ होतात. मॅकमास्टरमध्ये (अंडी मोजायच्या, जाळ्या आखलेल्या काचपट्टीत) 3 ग्रॅम विष्ठेचे 45 मिलि द्रावण केले आणि दोन्ही जाळ्या मिळून 0.3 मिलि वाचले, तर एक अंडे म्हणजे ग्रॅममागे 50. आता हिशेब करा: ग्रॅममागे 20 अंडी आणि दिवसाची विष्ठा 10 किलो धरली तर रोज 2 लाख अंडी रानात पडतात, आणि तुमच्या जाळीत बहुतेक वेळा शून्य दिसते. ‘निरंक’ लिहायची घाई करू नका. मॅकमास्टर शून्य आला की सेंट्रीफ्यूज करून तरंगवलेला नमुना बघा. एकाच पांडाचे निदान तीन गोळे तपासा. आणि तरीही फक्त नर जंत किंवा कोवळे जंत असतील तर अंडी दिसणारच नाहीत.

कृती सोपी आहे, घाबरू नका. 3 ग्रॅम विष्ठा पाण्यात अर्धा तास भिजवा, ट्वीन-80 चा (साबणासारख्या द्रवाचा) थेंब टाका, कारण या अंड्यांचे कवच चिकट असते आणि ती धाग्यांना धरून बसतात. खलात चेपा, आधी चहाच्या आणि मग 150 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा. वरचा चोथा पिळून दोनदा धुवा; पायरी चुकते ती इथेच, चोथा फेकला की अर्धी अंडी गेली. 1500 आरपीएमवर पाच मिनिटे फिरवून गाळ घ्या, 1.27 विशिष्ट गुरुत्वाच्या साखरेच्या द्रावणात पुन्हा 45 मिलि करा. बाजूला थोडी विष्ठा वाळवून वजन घ्या. मे-जूनच्या कोंबांच्या दिवसांत विष्ठेत पाणी जास्त असते, त्यामुळे ओल्या ग्रॅमवर ऋतूंची तुलना करणे फसवे आहे.

फॉर्मलिनवर विसंबू नका. या कुळातली अंडी फॉर्मलिनमध्येही वाढून संसर्गक्षम होऊ शकतात, शिवाय पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून तो ओळखणारी चाचणी) बिघडतो. ब्लीचने चिकटपणा जातो, अंडे मरत नाही. भांडी उकळत्या पाण्यातच टाका.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या शोधनिबंधांची संख्या बघू नका. गेल्या वर्षभरात ते स्वतः स्लाइडवर बसले का, ते विचारा. तयार पीसीआर किटवर झेप घेणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. अंड्याचे कवच फोडलेच नाही, बांबूतल्या पॉलिफेनॉलने अभिक्रिया अडली, तरी किट निमूटपणे ‘नकारार्थी’ सांगतो. प्रत्येक नमुन्यात अंतर्गत नियंत्रण (चाचणी चालली की नाही हे दाखवणारा ओळखीचा डीएनए) घालाच.

1971 ते 2005 मधल्या मृत पांडांच्या नोंदींवरून 2008 साली एक निष्कर्ष आला: अलीकडच्या वर्षांत अळ्यांचे भटकणे हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण ठरले. तो गंभीरपणे घ्या, पण सापडलेले मृतदेह म्हणजे सगळ्या मृत्यूंचा नमुना नव्हे. आणि ती भटकणारी अळी विष्ठेत दिसत नाही. अंड्यांच्या आकड्यावरून आजाराची तीव्रता सांगू नका.

सरावाला चीन लागत नाही. महिना-दोन महिन्यांच्या म्हशीच्या रेडकाच्या शेणात टॉक्सोकारा व्हिट्युलोरमची अंडी आपल्याकडे सहज मिळतात, आकाराने जवळजवळ तेवढीच. त्यात कुटलेला बांबूचा पाला मिसळून गाळणी आणि मोजणी पक्की करा. रेडकाच्या अंड्याच्या कवचावर खळगे असतात, पांडाच्या अंड्यावर बारीक काटे. हा फरक 400 पटीवर बघा, 100 पटीवर दोन्ही सारखीच दिसतात.